आधी आला त्याने आधी का जावे?

(ज्ञातिमंडळाच्या इंदापूर येथील वार्षिक संमेलनात एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. अशा प्रसंगी गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करावे, तरुणांना उद्योगाचा उपदेश करावा, वडीलधाऱ्यांना नामस्मरणाची आठवण द्यावी आणि खाली बसावे, असा प्रघात आहे. मी आज या दोघांच्या मधल्या माणसाविषयी बोलणार आहे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि अठ्ठावन्न न गाठलेल्या या माणसाला कोणी तरुण म्हणत नाही, आणि वृद्धाचा मानही त्याला अद्याप मिळालेला नसतो. मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न, घराचे कर्ज आणि आईवडिलांचे औषधपाणी ही चारही ओझी त्याच्या खांद्यावर एकाच वेळी असतात. कंपनीला माणसे कमी करावयाची वेळ आली म्हणजे पुष्कळदा आधी याच्याकडे बोट दाखविले जाते. कामात उणा पडला असे त्याच्याविषयी कोणी म्हणत नाही. त्याचे वय झाले, एवढाच त्याचा अपराध.

मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलेला साधा मास्तर. माझ्या निवृत्तीचा दिवस नोकरीस लागलो तेव्हाच सेवापुस्तकात जन्मतारखेच्या रूपाने लिहिला गेला होता. अठ्ठावन्न वर्षे पुरी झाली त्या महिन्याच्या अखेरीस मी शाळेच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती दिल्या, गावाने शाल व नारळ दिला, आणि यथावकाश निवृत्तिवेतन सुरू झाले. नोकरी कधी संपणार हे मला आधीपासून ठाऊक होते, म्हणून त्याची तयारी करता आली. माझ्या विद्यार्थ्यांचे तसे नाही. ज्यांना मी प्रथम चौथीच्या वर्गात शिकविले ते आज पन्नाशीच्या आसपास आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांतील काहीजण नोकरी गेल्यामुळे गावाकडे परतले. त्यांतल्या एकालाही आळशी म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून जे कळले आणि कायद्याची जी माहिती मी जाणकारांकडून समजून घेतली, ती आपणांपुढे ठेवीत आहे.

हा प्रश्न मुंबई-पुण्याचा, आपल्या तालुक्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या घरांचा इतिहास पाहा. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या जलाशयात पळसदेवसारखी आपल्या तालुक्यातील गावे आणि त्यांची काळी जमीन बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवाचे जुने देऊळ वर येते, पण शेते काही परत येत नाहीत. ज्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्यांच्या वाटण्या होऊन दीड-दोन एकरांवर आल्या, त्यांनी मुलांना शिकवून नोकरीला लावले. कोणी वालचंदनगरला गेला, कोणी भिगवणच्या कागद कारखान्यात, कोणी बारामतीच्या किंवा लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत, तर कोणी पिंपरी-चिंचवडला आणि हिंजवडीला. शेतात वयाची अट नसते. सत्तरीचा म्हातारा रात्री दारे धरायला जातो, त्याला कोणी निवृत्त करीत नाही. आपण मात्र जमिनीच्या ठिकाणी पगार आणला, आणि पगार हा मालकाच्या मर्जीवर उभा असतो. म्हणून हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली एक प्रकरण नव्याने घालण्यात आले. त्यात एक साधे आणि न्याय्य तत्त्व होते. एकाच प्रकारच्या कामावरील कामगारांतून काही कमी करावयाचे झाल्यास जो शेवटी लागला त्यास सर्वसाधारणपणे प्रथम कमी करावे. याहून वेगळे करावयाचे असेल तर मालकाने त्याची कारणे नमूद करावीत. याखेरीज एक महिन्याची नोटीस किंवा त्याबद्दल वेतन, सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई, आणि पुढे पुन्हा भरती निघाल्यास कमी केलेल्यांना अग्रहक्क, अशाही तरतुदी होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तीतही हे तत्त्व कायम आहे. मोठ्या कारखान्यांना कपातीपूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यास ही अट लागू होती, नव्या संहितेत ती तीनशेंवर नेली आहे. तरीही शेवटी आलेल्याने प्रथम जावे हा नियम पुसला गेलेला नाही. ज्याने अधिक वर्षे दिली त्याला अधिक आधार, ही आपल्या घरच्या चालीरीतींशीही जुळणारी गोष्ट आहे.

मग प्रत्यक्षात आधी आलेला आधी का जातो? याचे उत्तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘स्वेच्छा’. कायद्याने कपातीची जी व्याख्या केली आहे तीतून स्वेच्छानिवृत्ती वगळलेली आहे. मालकाने कामगारास काढले तर सारे नियम लागू होतात. कामगाराने स्वतःच्या हाताने लिहून दिले तर त्यांपैकी एकही लागू होत नाही. दाराला भक्कम कुलूप लावले आणि खिडकी उघडी ठेवली, असा हा प्रकार झाला.

या खिडकीचा उपयोग कसकसा झाला ते पाहण्यासारखे आहे. २००० साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. पंधरा वर्षे सेवा झालेली किंवा चाळीस वर्षे वय झालेले कर्मचारी तीस पात्र होते, आणि देशभरात सुमारे एक लाख माणसे तीतून बाहेर पडली. १९६१ च्या आयकर कायद्याखालील नियमांतही स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेवरील सवलतीसाठी दहा वर्षे सेवा किंवा चाळीस वर्षे वय हीच रेघ आखलेली होती. चाळिशी ही माणसाला बाहेर काढण्याची वेळ, असे जणू शासनानेच लिहून ठेवले. पुढे २०१९ च्या नोव्हेंबरात भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांच्या योजना आल्या. त्यांत आडपडदाही नव्हता. वय पन्नास किंवा अधिक हीच पात्रता. भारत संचार निगमच्या सुमारे दीड लाख कर्मचाऱ्यांपैकी अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक आणि महानगर टेलिफोन निगमचे सुमारे चौदा हजार कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी घरी गेले. न्यायाने बोलावयाचे तर त्यांना मिळालेली रक्कम बरी होती आणि पुष्कळजण समाधानाने गेले. परंतु त्या वर्षी तेथे पगार वेळेवर होत नव्हते, हेही विसरून चालणार नाही. ज्याचा पगार अडला आहे त्याच्या इच्छेला स्वेच्छा म्हणावे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

सरकारी योजनेत निदान रक्कम जाहीर असते आणि विचाराला काही आठवडे मिळतात. खाजगी कंपन्यांत तेवढेही मिळेलच याची खात्री नाही. २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या आपल्या देशातील अग्रगण्य संगणक कंपनीने आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. ही कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणींत होईल, असे कंपनीनेच सांगितले होते. मधली आणि वरची श्रेणी म्हणजे कोण? दहा, पंधरा, वीस वर्षे ज्यांनी घातली ते. पुण्यात अनेकांकडून बळजबरीने राजीनामे घेतल्याचा आरोप संगणक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेने केला, आणि कंपनीने तो नाकारला. खरेखोटे ठरविणे माझे काम नव्हे. मी एवढेच म्हणतो की, जाहिरनाम्यात ‘वय’ हा शब्द कोठेही न लिहिता वय मोजता येते.

कंपन्या असे का करतात? द्वेषाने करीत नाहीत. तो हिशेब असतो, आणि मास्तर या नात्याने मला तो सोडवून दाखविता येतो. पगार दरवर्षी चढत जातो, तेव्हा वीस वर्षांच्या माणसाच्या पगारात दोन-तीन नवखे ठेवता येतात. त्यात ग्रॅच्युइटीची भर. ती शेवटच्या वेतनावर, दर वर्षामागे पंधरा दिवस आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरून काढतात. म्हणजे आज पगार वाढला की मागच्या वीसही वर्षांची देणी त्या वाढीच्या प्रमाणात वाढतात, कायद्याने ठरविलेली कमाल मर्यादा येईपर्यंत. खर्चाच्या वहीत जुना माणूस दरसाल अधिक महाग दिसतो. त्याने नव्याला काय शिकविले, कोणते यंत्र बिघडण्यापूर्वी आवाजावरून ओळखले, कोणते गिऱ्हाईक त्याच्या शब्दावर टिकले, याला वहीत रकाना नसतो. रकाना नसलेली गोष्ट हिशेबात धरली जात नाही.

आणि अशा गोष्टींचे मोल काय, हे आपल्या तालुक्याला कोणी शिकवावयास नको. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन जे रॉकेट उडाले त्याचे काही भाग वालचंदनगरच्या कारखान्यात बनले होते. शेठ वालचंद हिराचंद यांनी ज्या ठिकाणी साखरेचा उद्योग उभारला त्याच गावाने चंद्राच्या वाटेवरचे लोखंड घडविले. असे काम पुस्तक वाचून किंवा सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाने होत नसते. त्याला वर्षानुवर्षे मुरलेले हात लागतात, आणि त्या हातांजवळ उभे राहून शिकणारे तरुण हात लागतात.

आता एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. त्याचे नाव सांगत नाही आणि कंपनीचेही सांगत नाही. तो एका कारखान्यात गुणवत्ता-तपासणीच्या खात्यात बावीस वर्षे होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी एका दुपारी त्याला एका खोलीत बोलाविले. मोबाईल बाहेर ठेवावयास सांगितले. टेबलावर दोन कागद होते. एकावर राजीनामा आणि तीन महिन्यांचा पगार. दुसऱ्यावर कामात असमाधानकारक ठरल्याचा शेरा. तासाभरात काय ते ठरवा, असे सांगण्यात आले. त्याने राजीनाम्यावर सही केली. दोन महिन्यांनी त्याच कामासाठी जाहिरात निघाली. तीत वयाची अट नव्हती. ‘अनुभव दोन ते पाच वर्षे’ एवढेच लिहिले होते. कमीत कमी अनुभव किती हवा हे समजू शकते. परंतु पाच वर्षांहून अधिक अनुभव नको, याचा अर्थ दुसरा काय होतो? त्याला काढले असते तर पुन्हा भरतीत अग्रहक्क मागता आला असता. त्याने ‘स्वेच्छेने’ सोडली होती, म्हणून तोही हक्क उरला नाही.

तो मजकडे आला तो नोकरी मागण्यासाठी नव्हे. त्याची मुलगी लग्नाची होती आणि तिचे परिचयपत्र आपल्या वधू-वर सूचीसाठी भरावयाचे होते. कागद पुढे करून तो म्हणाला, “गुरुजी, वडिलांच्या व्यवसायापुढे काय लिहू?” बंधूंनो, त्याला पोटाची तितकी काळजी नव्हती. या एका रकान्याची होती. ‘नोकरी नाही’ असे लिहिले तर आपल्यातलेच लोक विचारतील, याने काय केले म्हणून याला काढले? मी त्याला म्हणालो, “जे केलेस ते लिही. बावीस वर्षे गुणवत्ता-तपासणीचे काम. ते कोणी तुझ्यापासून काढून घेऊ शकत नाही.” त्याने तसे लिहिले. पण तो प्रश्न त्याला पडावा, हे मला लागले. कंपनीने त्याचा पगार घेतला. त्याची अब्रू घेण्याचे काम आपण करतो.

अशा माणसाला पुढचा आधार काय? भविष्य निर्वाह निधीबरोबरच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत सर्वसाधारण कर्मचाऱ्याचे वेतन पंधरा हजारांच्या मर्यादेपर्यंतच धरले जाते, मग पगार साठ हजार असो की लाख. बावीस वर्षे सेवा झालेल्याचे पेन्शन फार तर पाच हजारांच्या आसपास बसते, आणि तेही अठ्ठावन्नाव्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी घ्यावयाचे म्हटल्यास दर वर्षामागे चार टक्के कपात होते. सत्तेचाळीस ते अठ्ठावन्न ही अकरा वर्षे मधे उभी राहतात, आणि मुलांच्या शिक्षणाचा मोठा खर्चही नेमका त्याच वर्षांत येतो. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत हे आपण पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि एक लाखाहून अधिकांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. विशीतल्यांनी दुसरे काही धरले. चाळिशीचा साचेवाला मात्र आपली कला हातात असून कोठे पहारेकरी झाला, कोठे भाजीची गाडी लावून बसला, कोठे गावी परतला.

परदेशात काय आहे तेही पाहणे उचित होईल. अमेरिकेत १९६७ साली कायदा झाला आणि चाळीस वर्षांवरील कामगारास वयामुळे काढणे किंवा नाकारणे बेकायदा ठरले. १९९० साली त्यात भर पडली. अनेकांची एकत्र कपात करताना कामगाराकडून या कायद्याखालील हक्क सोडल्याचा कागद घ्यावयाचा असेल तर त्याला विचार करण्यास किमान पंचेचाळीस दिवस द्यावे लागतात. सही केल्यावरही सात दिवस ती परत घेता येते. आणि कोणत्या पदावरील किती वयाची माणसे निवडली व कोणती ठेवली, ही यादी त्याच्या हाती द्यावी लागते. तेथेही अन्याय थांबला आहे असे नाही, खटले चालूच असतात. परंतु पंचेचाळीस दिवस आणि एक तास यांतील अंतर ध्यानात घ्या. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या व सोळाव्या अनुच्छेदांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करू नये असे सांगितले आहे. त्या यादीत वय नाही. आणि नोकरीतील समान संधीचा सोळावा अनुच्छेद सरकारी नोकरीपुरता आहे. खाजगी मालकाने वयावरून डावलले तर त्यावर बोट ठेवावे असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे झालेला नाही. तो व्हावा, अशी मागणी सर्व समाजांनी मिळून केली पाहिजे.

येथे एक शंका रास्त आहे. घरोघरी पदवीधर मुले रिकामी बसली आहेत. जुन्यांनी जागा सोडली तर त्यांना वाव मिळणार नाही काय? मी याचा पुष्कळ विचार केला. जुना गेला की त्याच पगारावर, त्याच हक्कांनिशी तरुण येतो, असे झाले असते तर मी गप्प बसलो असतो. दूरसंचार निगमांच्या योजनेचा उघड हेतू वेतनखर्च कमी करण्याचा होता, तरुण भरण्याचा नव्हता. कारखान्यांतही कायम माणसाच्या जागी पुष्कळदा ठेकेदाराचा माणूस येतो. ज्या तरुणाला आज त्या जागेचा आनंद वाटतो, त्याचीही पंचेचाळिशी येणारच आहे. वडिलांना काढणाऱ्या हिशेबात मुलगा सुरक्षित राहत नसतो. दुसरी गोष्ट नोकरदारांना सांगावयाची. वय हा दोष नव्हे, पण शिकणे सोडणे हा दोष आहे. नवे यंत्र आले, नवी पद्धत आली, की “आम्ही बावीस वर्षे असेच केले” हे वाक्य बोलू नये. ते वाक्य मालकाच्या हाती आयते कारण देते.

आता उपाय. प्रथम ज्याच्यावर प्रसंग येईल त्याने काय करावे? त्या दिवशी, त्या खोलीत सही करू नये. “मला घरी विचारावयाचे आहे, कागदाची प्रत द्या,” एवढे नम्रपणे म्हणावे. सही ही आपली शेवटची पुंजी आहे. ती तासाभरात खर्च करू नये. दडपण आणले गेले तर त्याच संध्याकाळी, वेळ आणि उपस्थितांची नावे घालून, स्वतःच्या खाजगी ईमेलवरून कंपनीला लिहून ठेवावे. कागद दिलाच असेल तर हताश होऊ नये. बँकांच्या याच योजनेविषयी २००२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, बँक ऑफ इंडिया विरुद्ध ओ. पी. स्वर्णकार या प्रकरणात, अर्ज मंजूर होण्यापूर्वी तो मागे घेण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क मान्य केला. मात्र पैसे घेऊन बसलेल्यांना तो लाभ मिळाला नाही. म्हणून रक्कम स्वीकारण्यापूर्वी वकिलाला विचारावे. आणखी एक. पदोन्नतीचे पेढे वाटताना आपण ‘मॅनेजर’ झालो याचा आनंद होतो, पण व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला आणि अठरा हजारांहून अधिक वेतनाच्या पर्यवेक्षकाला ‘कामगार’ या व्याख्येतून नवी संहिता वगळते. तथापि नावावरून सारे ठरत नाही. प्रत्यक्ष काम कोणते होते हे न्यायालये पाहत आली आहेत. यास्तव आपण रोज काय काम करतो याची नोंद ठेवावी. कंपनीचा आरोग्यविमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो, तेव्हा कुटुंबाचा स्वतंत्र विमा असावा. आणि पंचेचाळिशीनंतर पगाराच्या भरवशावर नवे मोठे कर्ज काढू नये.

मंडळाने काय करावे याविषयी माझ्या चार सूचना आहेत. पहिली, एक वकील, एक हिशेबतपासनीस आणि एक कारखान्यातील अनुभवी गृहस्थ अशी सल्ला-समिती नेमावी, की सही करण्यापूर्वी आपल्या माणसाला एक फोन करता येईल. दुसरी, शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल करावा. आपण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागतो, आणि तो मागच्या वर्षाच्या उत्पन्नाचा असतो. ज्याची नोकरी श्रावणात गेली त्याच्या दाखल्यावर गेल्या वर्षीचा भरभक्कम पगार असतो, आणि त्याच्या मुलाचा अर्ज आपण नियमाने बाजूला ठेवतो. अशा घराचा अर्ज त्याच वर्षी, मंडळाच्या खात्रीवर घ्यावा. तिसरी, वधू-वर सूचीतील ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना काढून तेथे ‘वडिलांनी केलेले कार्य’ असे लिहावे. शब्द लहान आहे, पण एका माणसाची मान त्याने वर राहील.

चौथी सूचना सांगताना मला या सभेतील धनिक बांधवांकडे पाहावे लागते. आपल्यात दुकानदार आहेत, ठेकेदार आहेत, कृषी सेवा केंद्रे आणि पेट्रोल पंप चालविणारे आहेत, पतसंस्थांचे संचालक आहेत, शाळांचे विश्वस्त आहेत. आपल्या दारावर ‘पाहिजेत, वय तीसच्या आत’ अशी पाटी लावून आपण पुण्याच्या कंपनीला नावे ठेवू शकत नाही. ती ओळ पाटीवरून पुसून टाका. ज्याने बावीस वर्षे माल तपासला तो तुमचे गोदाम सांभाळील. ज्याने बँकेत खाती लिहिली तो तुमच्या पतसंस्थेची वसुली नीट लावील. दया म्हणून त्याला घेऊ नका. कामाला घ्या, कामाचा पगार द्या आणि कामाचा जाब विचारा. त्याला तेच हवे आहे.

आषाढ शुद्धात तुकोबारायांची पालखी आपल्या गावावरून जाते ती आपण सर्वजण पाहतो. दिंडीत वीणा बहुधा तरुणाच्या गळ्यात नसते, आणि म्हणून दिंडी मागे पडत नाही. जो आधी चालू लागला त्याला वाटेत सोडून पुढे जावे, अशी रीत त्या वाटेवर नाही. कारखान्यात ती रीत आणणे कायद्याचे काम आहे. त्यासाठी मागणी करू आणि वाट पाहू. घरात, दुकानात आणि मंडळात ती आणण्यासाठी कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही. माझ्या चारही सूचना आजच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवाव्यात, अशी अध्यक्ष महाराजांना विनंती करतो.